खोट नसलेलं सर्वेक्षण

धुकं पडलं की आमच्या कॉलनीतला हॉल दिसत नाही, नुसता ऐकू येतो. टक्-टक्, टक्-टक्. मध्येच चेंडू टेबलावरून घरंगळतो, कुणीतरी "अबे यार!" म्हणून ओरडतं, दोन-चार जण हसतात, आणि पुन्हा टक्-टक्. शनिवारची संध्याकाळ असते. मी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मफलर गुंडाळून उभा असतो. समोरचा कडुनिंब पुसला गेलेला असतो, रस्त्यावरचे दिवे म्हणजे नुसते पिवळे डाग, आणि खाली कुणाची तरी स्कूटर खोकत खोकत सुरू होत असते. सुनंदा, माझी बायको, आतून म्हणते, "आत या, छाती भरेल." मी "आलो" म्हणतो आणि उभाच राहतो.

यंदा धुकं लवकर आलं. मानक नगरच्या बाजारात मटारचे ढीग लागले, तीळगुळाच्या गजकवाल्यानं गाडी लावली, घराघरांतून रजया उन्हात पडल्या. लखनौचे लोक हिवाळ्याची वर्षभर वाट बघतात. सकाळी मक्खन-मलाई, दुपारी छतावरचं ऊन, संध्याकाळी शेकोटी. मलाही आवडायचा तो. आता मात्र हवेत तो ओला, धुरकट वास आला की नको वाटतो. अशाच एका हिवाळ्यात मी एक सर्वेक्षण केलं होतं. इतकं चोख काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही, आणि दुसऱ्या कुठल्या कामानं मला इतकं उघडं पाडलं नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी न विचारता सांगतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. वडील जालन्याकडच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. आई तिथंच सरकी पाखडायची. घरात छापलेला कागद म्हणजे कॅलेंडर. त्या घरातून मी इंजिनियर झालो, रेल्वेत लागलो, बदल्या होत होत लखनौला आलो आणि इथंच मुरलो. आमची एकुलती एक मुलगी सायली, तिचा जन्म इथला.

कॉलनीत मराठी घरं बरी आहेत. नागपूरची, साताऱ्याची, पुण्याची. काही बँकवाले, बाकी आम्ही रेल्वेवाले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि हल्ली दाराच्या आतही. मोठी माणसं मराठीत विचारतात, मुलं हिंदीत उत्तर देतात, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. "जेवलास का रे?" "हाँ, खा लिया." संपला संवाद. मला मात्र ते खुपायचं. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी मी हॉलमध्ये मुलांचा मराठी वर्ग घ्यायचो. बाराखडी, बडबडगीतं, गोष्टी. मुलं यायची, पण टेबलापेक्षा उंच झाली की यायची बंद व्हायची. कोचिंग, ट्यूशन, मॉक टेस्ट. त्यांच्या आया रस्त्यात भेटल्या की ओशाळून म्हणायच्या, "सर, मनात खूप आहे हो, पण टाइम कुठंय?"

मग मला एक युक्ती सुचली. या मोठ्या मुलांना प्रवेशपरीक्षांमधला एकच पेपर छळायचा, तर्काचा. आणि तो माझ्या हातचा मळ. खात्यातल्या परीक्षा मी त्याच्याच जोरावर काढल्या होत्या. मी जाहीर केलं, तर्क फुकट शिकवतो, अट एकच. हॉलमध्ये बोलायचं ते मराठीत.

आली की मुलं! प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये दोन दांड्यांचा हीटर, त्याच्याभोवती सगळ्यांचे बूट, आणि कोंडलेल्या हवेत तापलेल्या लोकरीचा वास. पुस्तक इंग्रजी, प्रश्न इंग्रजी, चिरफाड मराठीत, बरोबर उत्तराला गजक. त्यातही माझा लाडका भाग म्हणजे सर्वेक्षणाचे प्रश्न. कुणीतरी कुणालातरी काहीतरी विचारलेलं असतं, त्यावरून मोठा निष्कर्ष काढलेला असतो, आणि आपण त्यातली खोट शोधायची.

"समजा, एका जिमनं रोज येणाऱ्यांना विचारलं, इथं येऊन बरं वाटतं का? सगळे म्हणाले, हो. म्हणून जिमवाला म्हणतो, शहरातल्या प्रत्येकाला इथं बरं वाटेल. खोट कुठंय?"

साताऱ्याच्या माने कुटुंबातला ओंकार चाचरत म्हणायचा, "सर, जे... जे छोड़ के गये, त्यांना विचारलंच नाही."

"शाब्बास. 'सोडून गेले' म्हण."

"सोडून गेले. सर, आता गजक खाऊ?"

पुस्तकात या खोटांना लांबलचक इंग्रजी नावं होती. ती आम्ही फेकून दिली. फक्त आपल्याच माणसांना विचारलं तर ते 'दुकानातलं गिऱ्हाईक'. ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांना हिशेबातून गाळलं तर 'न उचललेला फोन'. आणि प्रश्नच असा विचारला की समोरच्याला एकच उत्तर देता यावं, तर तो 'सासूसमोरचा प्रश्न'. हे नाव सुनंदानं दिलं. एकदा ती भाजलेले दाणे घेऊन आली होती, दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "अहो, हे तर मला लग्नानंतर तुमच्या आत्यांनी विचारलं होतं. तुमच्या आईच्या समोर! 'काय गं, सासू कशी आहे?'"

"मग तू काय सांगितलंस?"

"तेच, जे ही मुलं तुम्हाला सांगतात."

हॉल खदखदून हसला. मीही हसलो. तिचं बोलणं मी विनोदच समजलो.

सायली वर्गात यायची, पण मागच्या खुर्चीवर बसायची आणि तोंड उघडायची नाही. ती कायद्याच्या कॉलेजच्या परीक्षेला बसणार होती. घरी नाश्त्याला मात्र तिची जीभ तलवारीसारखी चालायची. पेपरात कुठलीही पाहणी छापून आली की चहाचा कप खाली ठेवायच्या आत तिचा सवाल तयार, "पूछा किससे, ये तो लिखा ही नहीं!"

"मग वर्गात का बोलत नाहीस गं?"

"सुन रही होती हूँ ना पापा."

मला ते पटायचं. ऐकणारं लेकरू म्हणजे शहाणं लेकरू, असंच आमच्याकडे मानतात.

त्या वर्षी गणपतीच्या सुमारास कॉलनीच्या कमिटीकडे अर्ज गेला. शनिवारची संध्याकाळ टेबल टेनिसला द्या. हॉल एकच, टेबल भिंतीला घडी करून उभं, आणि आमच्या वर्गामुळे ते उघडता यायचं नाही. आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी देवधर, बँकेतले, गोमती नगरला ऑफिस, बोलणं कायम भाषणाच्या पट्टीत. त्यांनी लगेच सर्वेक्षण घेतलं. कुठं? गणपतीच्या मंडपात, आरती झाल्यावर. "आपल्या माय मराठीचा वर्ग चालू राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत!" प्रसादाचे मोदक हातात धरलेले, ते मोदकांसकट सगळे हात वर. कुणीतरी "मोरया!" म्हणालं. देवधरांनी 'सर्वानुमते' असं टाइप करून घेतलं आणि मला म्हणाले, "कदम, निश्चिंत राहा. जनमत आहे हे, जनमत!"

निश्चिंत राहावंसं मलाही वाटलं. दुसऱ्या कुणाचं सर्वेक्षण असतं तर मी मंडपातच हसलो असतो.

थंडी सुरू होता होता कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष श्रीवास्तवजी, निवृत्त, जुन्या लखनौचे. समोरच्याला कापायचं असलं तरी आधी खुर्ची पुढं करणार. त्यांच्याकडेही एक सर्वेक्षण आलं होतं. टेनिसवाल्या मुलांनी केलेलं. कॉलनीतल्या पोरांना शनिवारी संध्याकाळी काय हवं? सगळ्यांचं उत्तर, टेबल टेनिस.

मी उठलो. "श्रीवास्तवजी, ये पूछा कहाँ गया?" एक पोरगा म्हणाला, "वहीं अंकल, टेबल के पास." मग काय, मी सोललंच ते सर्वेक्षण. टेबलापाशी उभ्या असलेल्यांना विचारता टेबल हवं का. जे नाहीत त्यांना कुणी विचारलं? मुली किती? लहान मुलं कुठं? आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीवास्तवजी मान डोलवत म्हणाले, "वाह कदम साहब, क्या नब्ज़ पकड़ी है!"

तेवढ्यात मागून आवाज आला. "अंकल, एक बात हमारी तरफ़ की भी है."

सायली उभी होती.

"मंडप में, आरती के बाद, हाथ में प्रसाद लेकर कौन बोलेगा कि मराठी नहीं चाहिए? और जो मंडप में आये ही नहीं, उनसे किसने पूछा? इनका सर्वे ग़लत है तो हमारा भी उतना ही ग़लत है. पापा ने ही सिखाया है."

देवधर माझ्या कानाशी पुटपुटले, "अहो, घरचीच फितूर निघाली की!" मला मात्र अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू. किती नेटकं बोलली ती. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, कुणाकडे बघून कुठलं वाक्य टाकायचं, सगळं पक्कं. इतकी वर्षं माझ्या ताटाशेजारी जेवणारी ही मुलगी मला त्या क्षणी जरा अनोळखीच वाटली.

श्रीवास्तवजी हसत म्हणाले, "तो मास्टर साहब, सही वाला सर्वे अब आप ही बना दीजिए. जो निकलेगा, कमेटी मान लेगी. मगर आप भी मानिएगा."

"मानेंगे," मी म्हणालो. मला वाटलं, सत्य माझ्या बाजूनं आहे. नीट विचारलं की ते बाहेर येईल. शिकलेल्या माणसाचा हा आवडता भ्रम.

सायलीची परीक्षा उरकली आणि आम्ही दोघं कामाला लागलो. बाहेर दुपारपर्यंत धुकं, खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळतंय, आणि आत आम्ही एका प्रश्नावर दिवसच्या दिवस बसलोय. माझा पहिला मसुदा होता, 'आपल्या मुलांनी मातृभाषेशी असलेलं नातं जपावं असं आपल्याला वाटतं का?' सायलीनं तो वाचला आणि भुवया वर केल्या. "पापा. सासूसमोरचा प्रश्न." तेवढे दोन शब्द तिनं मराठीत म्हटले. मी खोडलं. मग आला दुसरा, तिसरा. शेवटी उरलं ते असं: 'पुढचं वर्षभर शनिवारी संध्याकाळी मराठी वर्गाला तुम्ही याल किंवा मुलांना पाठवाल का? हो / नाही.' वर मराठीत, खाली तेच हिंदीत. चिठ्ठीवर नाव नाही. प्रत्येक मराठी घरातल्या शाळकरी मुलापासून आजीपर्यंत प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी. लग्नाला, गावाला गेलेली माणसं परत येईपर्यंत पेटी थांबणार. आणि पेटी घेऊन मी जायचं नाही, देवधरांनीही नाही. आम्हाला बघून लोक लाजतील. श्रीवास्तवजींनी जायचं.

देवधर चिठ्ठी वाचून हादरलेच. "अहो कदम, इतकं सरळ विचारलंत तर लोक सरळ उत्तर देतील ना!"

"तेच तर हवंय."

"तुम्हाला हवंय हो," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज भाषणाच्या पट्टीत नव्हता.

पेटी म्हणजे आमच्या गणपतीचीच दानपेटी, फट असलेली. धुक्यातून श्रीवास्तवजी कानटोपी घालून ती काखेत मारून दारोदार फिरत. रस्त्यात भेटले की म्हणत, "हर घर में पोहा, कदम साहब! आपके सर्वे ने तो हमारा हाज़मा बिगाड़ दिया." मी हसायचो. संध्याकाळी गेटजवळ चौकीदारानं पेटवलेल्या शेकोटीशी आम्ही सगळे उभे राहायचो. एकदा त्यात वाळक्या काड्यांचा भारा पडला आणि ज्वाळा फर्रकन वर गेली, तसा मी बोलून गेलो, "अगदी पळाटीसारखी पेटली!"

"मतलब?" सायली म्हणाली.

पळाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळलेली झाडं. आमच्याकडे चुलीत तीच. भर्रकन पेटते, भर्रकन विझते, आई अर्धीकच्ची भाकरी तव्यावर तशीच सोडून पुन्हा काड्या मोडायची. हे मी सायलीला सांगायला लागलो. मग माझ्या लक्षात आलं, की आई गेल्यापासून हा शब्द मी तोंडातून काढलाच नव्हता. लखनौत तो कुणाला सांगणार? माझ्यानंतर या घरात तो कुणाच्याच तोंडी येणार नाही. शब्द मरतात तेव्हा आवाज होत नाही, कुणी सुतक धरत नाही. सायलीनं "अच्छा, लकड़ी" म्हटलं आणि हात शेकायला घेतले. बरोबरच होतं तिचं. लाकूडच ते.

पेटी उघडली ती एका रविवारी, हॉलमध्येच. चिठ्ठ्या ओतायला मोठी जागा हवी म्हणून टेबल टेनिसचं टेबल उघडलं होतं. जाळीच्या अलीकडे 'हो', पलीकडे 'नाही'. श्रीवास्तवजी चिठ्ठी उलगडून वाचत आणि ठेवत. पलीकडचा ढीग वाढत गेला. अलीकडे एखादी पडायची, मग बराच वेळ काही नाही. एका चिठ्ठीवर कुणीतरी 'सॉरी सर' असं लिहिलं होतं. पुष्कळशा खुणा खालच्या, हिंदी ओळीवर होत्या. देवधर चष्मा पुसत राहिले. पुसलेला चष्मा पुन्हा पुसत राहिले. शेवटी 'हो'च्या चिठ्ठ्या श्रीवास्तवजींनी उचलल्या तेव्हा त्या एका मुठीत मावल्या.

टेनिसवाल्या पोरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या नाहीत. श्रीवास्तवजींनाच माझी दया आली. म्हणाले, "अमाँ कदम साहब, जाड़ा है. रज़ाई से निकलने का किसी का मन नहीं. गर्मियों में एक बार फिर पूछ लेंगे?"

त्या भल्या माणसानं मला एक खोट भीक म्हणून घातली होती. घ्यावी असं फार वाटलं. पण चिठ्ठीवर 'पुढचं वर्षभर' हे शब्द मीच घातले होते, नेमकी हीच पळवाट बुजवायला. "नहीं," मी म्हणालो. "सर्वे सही है." आणि हॉलची किल्ली टेबलावर, जाळीपाशी ठेवली.

त्यानंतरचे दिवस मी नुसता चालत होतो. ऑफिस सुटलं की कॉलनीभोवती फेऱ्या. धुक्यात माणसं दिसत नाहीत ते बरं असतं. समोरून कुणी आलं तरी हाताच्या अंतरावर येईपर्यंत ओळख द्यावी लागत नाही. चालता चालता मी खोट शोधत असे. दुकानातलं गिऱ्हाईक? छे, सगळ्यांना विचारलं होतं. न उचललेला फोन? एकही घर सुटलं नव्हतं. सासूसमोरचा प्रश्न? तो तर माझ्याच मुलीनं खोडला होता. शब्द साधे, विचारणारा तिऱ्हाईत, चिठ्ठी निनावी. कुठून शिरणार? प्रत्येक फट मी स्वतःच्या हातांनी लिंपली होती आणि आता आत मीच कोंडलो होतो.

परीक्षेच्या पुस्तकात एक सोय असते. खोट असणारच, हे धरूनच प्रश्न घातलेला असतो. खाली पर्याय दिलेले असतात, त्यातला एक तुम्हाला सोडवतो. 'या सर्वेक्षणात काहीही चूक नाही, लोक खरोखर असंच म्हणतात,' असा पर्याय मी कधी पाहिला नाही. त्यासाठी मुलांना मी काही शिकवलंच नव्हतं. मलाही कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही शिकलो ते खोटं कसं ओळखायचं ते. खरं समोर येऊन बसलं तर त्याच्याशी काय बोलायचं, हे कुठल्या इयत्तेत असतं कोण जाणे.

आणि कुणावर रागावू? ही माणसं वाईट नाहीत. मराठीचा द्वेष कुणालाच नाही. मंडपात वर झालेले हातही खोटे नव्हते. त्यांना मराठी हवीच होती, गणपतीसारखी, वर्षातून एकदा, वाजतगाजत, आणि मग विसर्जन. दर शनिवारी ती घरी येऊन बसावी असं मात्र कुणाला वाटत नव्हतं. शत्रू असता तर भांडलो असतो. इथं शत्रूच नव्हता. आजही रस्त्यात भेटले की सगळे हात जोडतात, "सर, वर्ग बंद झाला, फार वाईट वाटलं हो." तेही खरंच असतं.

सायली आता दक्षिणेतल्या एका शहरात कायदा शिकते. फोनवर सुनंदा विचारते, "थंडी आहे का गं तिकडे?" आणि स्पीकरवरून तिचा हसरा आवाज येतो, "मम्मी, यहाँ तो पंखा चल रहा है!" सुनंदा रोजच्यासारखी काळजी करते, ती रोजच्यासारखी उडवून लावते. मी कोपऱ्यात बसून ऐकतो. तो फोन आला की मला त्या हिवाळ्यातली एक दुपार आठवते. पेटी उघडून काही दिवस झाले होते.

त्या दुपारी बऱ्याच काळानं ऊन पडलं होतं. लखनौत असं ऊन पडलं की घरं रिकामी होतात, सगळे छतावर. कुणी केस वाळवतंय, कुणी लोणच्याच्या बरण्या मांडतंय, म्हाताऱ्या खाटेवर पालथ्या. आम्हीही चटई टाकली होती. सुनंदा पेरू कापून काळं मीठ लावून देत होती. सायली उशाला पुस्तक घेऊन पडली होती. आणि माझं आपलं तेच चाललं होतं.

"कुणीतरी खोटं लिहिलं असणार. निनावी म्हटलं की लोक काहीही लिहितात."

"नहीं पापा," सायली आडवी पडूनच म्हणाली. "सबने सच लिखा है."

"तुला काय माहीत?"

ती उठून बसली. पेरूची फोड हातातच राहिली. "मैंने भी 'नहीं' लिखा था."

सुनंदाची सुरी थांबली. माझं तोंड खारट झालं होतं, मीठ होतं की काय कोण जाणे. मी विचारलं, "का?"

तिनं मराठीत सांगायचा प्रयत्न केला. मला ते अजून ऐकू येतं. "मला... मी मराठीमध्ये असते ना पापा, तेव्हा मी... छोटी होऊन जाते." मग पुढचा शब्द सापडेना. तिनं हात हवेत फिरवला, ओठ आवळले, आणि तिचे डोळे भरून आले. "हिंदी में मैं अठारह की हूँ. मराठी में अभी भी पाँच साल की हूँ. खाना, नहाना, सोना, बस. आपसे झगड़ा करना हो तो भी शब्द नहीं मिलते. क्लास में सबको लगता था मैं सुन रही हूँ. मैं सुन नहीं रही थी पापा. मैं वहाँ गूँगी थी."

मला आमचे फिजिक्सचे सर आठवले. कॉलेजचं पहिलं वर्ष, गावाकडून नुकताच आलेलो, आणि सरांनी मला उभं केलं होतं. उत्तर मला येत होतं. अख्खं येत होतं, मराठीत. इंग्रजीत त्याचं शेपूटही हाती लागेना. सर थोडा वेळ थांबले, "सिट डाउन" म्हणाले, आणि वर्षभर त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. ही हकीकत मी पुष्कळदा सांगितली आहे, सत्कारात, निरोप समारंभात, जिंकलेल्या लढाईसारखी. सांगताना मी नेहमी बाकापाशी उभा असायचो. त्या दुपारी पहिल्यांदा मी फळ्यापाशी, सरांच्या जागी उभा होतो.

सायलीशी मी ती जन्मल्यापासून मराठीतच बोलत आलो होतो. रागावलो तरी मराठीत, तापात कपाळावर हात ठेवला तरी मराठीत. एक माणूस तरी तिच्या आयुष्यात असा असावा, असं मी ठरवून टाकलं होतं. तिला कधी विचारलं नव्हतं.

"तो बता," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "हिंदी में ही बता."

तिनं संशयानं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आणि मग बोलायला लागली. परीक्षेच्या आधी ती रोज सगळं सोडून द्यायचं ठरवायची, ते सांगितलं. तिची जवळची मैत्रीण अचानक बोलेनाशी झाली होती, ते सांगितलं. घरापासून इतकं लांब जायची तिला भीती वाटत होती. आणि आजी गेली त्या दिवशी मी गॅलरीत एकटा बसलो होतो, तेव्हा तिला येऊन मला कितीतरी म्हणायचं होतं, पण मराठीत त्यातलं "पापा, जेवून घ्या" एवढंच निघालं. मला आठवत होतं ते. तेवढंच म्हणून ती आत गेली होती, आणि मला वाटलं होतं, पोरीला आजीचं फारसं काही वाटलेलं दिसत नाही.

ऊन कलंडलं. शेजारच्या खाटा उचलल्या गेल्या, बरण्या खाली गेल्या, रेल्वेलाइनच्या बाजूनं धुकं पुन्हा चढायला लागलं, तरी ती बोलतच होती. माझी मुलगी एवढी बोलते हे मला माहीतच नव्हतं. मी मध्ये मध्ये "हाँ", "अच्छा", "फिर?" एवढंच म्हणत होतो, आणि चुकूनही एखादा मराठी शब्द तोंडातून निसटून ती गप्प होऊ नये, म्हणून जीभ दाताखाली धरून बसलो होतो.